बेडसोर म्हणजे काय? ते का होतात, सुरुवात कशी ओळखायची आणि घरी कसे टाळायचे?

खुब्याचं हाड मोडलेल्या आजोबांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी ते घरी आले. घरच्यांनी खोली रिकामी केली, मऊ गादी घातली, दिवसभरासाठी एक मावशी ठेवली. अंग रोज पुसलं जात होतं, पाठीला पावडर लावली जात होती, तेलाने चोळलंही जात होतं. तरीही दहाव्या दिवशी डायपर बदलताना माकडहाडाशी तळहाताएवढा काळपट डाग दिसला. आठवड्याभरात तिथली त्वचा फाटली आणि आत खोल जखम निघाली.

असा अनुभव अनेक घरांत येतो. त्यावेळी सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो, 'एवढं सगळं करूनही जखम झालीच कशी?' याचं उत्तर असं की पावडर, मालीश आणि मऊ गादी यांपैकी कशानेच बेडसोरचं मूळ कारण दूर होत नाही. ते कारण म्हणजे एकाच जागी फार वेळ राहिलेला दाब. तो हटवण्याचा उपायही जुना आणि साधा आहे. तो म्हणजे रुग्णाची कूस बदलत राहणं.

थोडक्यात महत्त्वाचं

- बेडसोरची सुरुवात अनेकदा त्वचेखाली, हाडाजवळ होते. वर दिसेपर्यंत आत नुकसान झालेलं असू शकतं.
- जागेवरून दाब हटवणं हा मुख्य उपाय आहे. मलम, पावडर, गादी हे सगळं त्यानंतर येतं.
- दाब काढल्यावरही अर्ध्या तासात न जाणारी लाली किंवा काळपटपणा हा पहिला इशारा समजावा.
- सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून तपासावं लागतं.
- ताप, दुर्गंधी, पू किंवा काळी पडलेली त्वचा दिसल्यास घरगुती उपाय करत बसू नये.

बेडसोर म्हणजे नेमकं काय?

एकाच जागी दाब राहिल्यामुळे त्वचेला आणि तिच्याखालच्या मांसाला झालेली इजा म्हणजे बेडसोर. मराठीत याला शय्याव्रण म्हणतात. डॉक्टरांच्या कागदांवर 'प्रेशर सोर', 'प्रेशर अल्सर' किंवा 'डेक्युबिटस अल्सर' असंही लिहिलेलं असतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या 'नॅशनल प्रेशर अल्सर अ‍ॅडव्हायझरी पॅनल' या तज्ज्ञांच्या संस्थेने 'अल्सर' हा शब्द सोडून 'प्रेशर इंज्युरी' म्हणजे 'दाबामुळे झालेली इजा' हा शब्द स्वीकारला. कारण सरळ आहे. पहिल्या टप्प्यात त्वचा फाटलेलीच नसते, पण इजा झालेली असते.

'बेडसोर' या नावामुळे आणखी एक गैरसमज होतो. ही जखम फक्त अंथरुणातच होते असं नाही. व्हीलचेअरवर बसणाऱ्यांना बैठकीच्या हाडांवर होते. ऑक्सिजनचा मास्क, नाकातली नळी, लघवीची नळी किंवा घट्ट बसलेलं प्लास्टर यांच्याखालीही होते.

त्वचेखाली काय घडतं?

त्वचेला आणि स्नायूंना केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून प्राणवायू मिळतो. या वाहिन्यांतला दाब फार कमी असतो. पाठ्यपुस्तकांत त्यासाठी साधारण ३२ मिलिमीटर पारा हा आकडा दिला जातो. कडक खुर्चीवर बसल्यावर बैठकीच्या हाडांखालचा दाब याच्या कितीतरी पट होऊ शकतो. मग त्या वाहिन्या चेपल्या जातात आणि रक्त पोहोचेनासं होतं.

निरोगी माणसाला याचा त्रास होत नाही, कारण शरीर सतत स्वतःची काळजी घेत असतं. बसून बसून अवघडलं की माणूस हलतो. झोपेतही तो नकळत अनेकदा कूस बदलतो. अर्धांगवायू झालेला, मणक्याला मार लागलेला, बेशुद्ध असलेला किंवा झोपेच्या औषधांखाली असलेला माणूस एकतर हलू शकत नाही किंवा त्याला अवघडल्याची जाणीवच होत नाही. त्याच्या शरीराचं हे काम दुसऱ्या कोणाला तरी करावं लागतं.

दाबाचा जोर सर्वात जास्त असतो तो हाडाला लागून असलेल्या मांसावर. स्नायूंना प्राणवायूची गरजही त्वचेपेक्षा जास्त असते. म्हणून नुकसान अनेकदा आतून बाहेर येतं. वर रुपयाएवढा डाग दिसत असताना आत त्याच्या कितीतरी पट मोठी पोकळी असू शकते. काही वेळा जांभळट डाग दिसतो तो प्रत्यक्ष दाब पडल्यानंतर दोन-तीन दिवसांनी. त्यामुळे हॉस्पिटलमध्ये, प्रवासात किंवा लांबलेल्या ऑपरेशनच्या टेबलावर झालेली इजा घरी आल्यावर उघड होते आणि दोष मात्र घरच्यांवर येतो.

दाबाच्या जोडीला तीन गोष्टी काम करतात:

- ताण: पलंगाचं डोकं उंच केलं की शरीर हळूहळू खाली घसरतं. हाडं खाली सरकतात, पण त्वचा चादरीला चिकटून जागच्या जागी राहते. मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या आणि पिळल्या जातात.
- घासणं: रुग्णाला वर ओढताना टाचा, कोपर आणि पाठ चादरीवर घासते. वरचा पापुद्रा निघतो.
- ओलावा: लघवी, शौच आणि घाम यांत भिजलेली त्वचा मऊ पडते आणि लवकर फाटते.

शरीराच्या कोणत्या भागांवर होतात?

जिथे हाड आणि त्वचा यांच्यामध्ये मांस कमी, तिथे धोका जास्त.

- उताणं झोपल्यावर: माकडहाड आणि त्याच्या वरचा भाग, टाचा, कोपर, पाठीचे खवाटे, डोक्याची मागची बाजू.
- कुशीवर झोपल्यावर: खुब्याचं हाड, गुडघ्याच्या बाजू, घोटे, खांदा, कान.
- बसल्यावर: बैठकीची दोन हाडं, माकडहाड, पायाच्या टाचा.

यांत माकडहाडाच्या आसपासचा भाग आणि टाचा या जागा सगळ्यात जास्त लक्ष ठेवण्याच्या आहेत.

धोका कोणाला जास्त?

अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येकाला सारखाच धोका नसतो. तो मोजण्यासाठी नर्सेस 'ब्रेडन स्केल' वापरतात. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकन नर्स-संशोधकांनी ते १९८० च्या दशकात तयार केलं. त्यात सहा गोष्टी पाहतात: रुग्णाला दुखल्याची जाणीव होते का, त्वचा किती ओली राहते, तो चालतो का, अंथरुणात स्वतः हलतो का, खातो किती आणि शरीर किती घसरतं. एकूण गुण ६ ते २३ असतात. गुण जितके कमी, तितका धोका जास्त. १८ किंवा त्याहून कमी गुण आल्यास सहसा धोका आहे असं धरतात.

याखेरीज मधुमेह, पायांतला रक्तपुरवठा कमी असणं, रक्तक्षय, खूप कृश किंवा खूप लठ्ठ शरीर, ताप आणि तंबाखू यांमुळेही धोका वाढतो. हॉस्पिटलमधून घरी सोडताना 'यांना बेडसोरचा धोका किती आहे आणि आत्ता अंगावर कुठे लाली आहे का' हे नर्सला विचारून घ्यावं. शक्य असल्यास निघण्यापूर्वी पाठ आणि टाचा स्वतः पाहून घ्याव्यात.

सुरुवात ओळखायची कशी?

दिवसातून दोनदा, अंग पुसताना आणि रात्री झोपवताना, वर दिलेल्या जागा उजेडात पाहाव्यात. लाल दिसणाऱ्या जागेवर बोटाने हलका दाब देऊन सोडावा. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्तप्रवाह चालू आहे. मात्र त्या जागेवरचा दाब लगेच काढावा. बोट दाबूनही लाली तशीच राहिली किंवा दाब काढून अर्धा तास झाला तरी गेली नाही, तर तो बेडसोरचा पहिला टप्पा समजावा.

ही खूण गोऱ्या त्वचेसाठी लिहिलेली आहे. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली उठून दिसत नाही आणि बोट दाबल्यावर पांढरेपणाही दिसत नाही. त्यामुळे पहिला टप्पा नजरेतून सुटतो. तिथे पुढच्या गोष्टी तपासाव्यात:

- आजूबाजूच्या त्वचेपेक्षा ती जागा जास्त काळपट, जांभळट किंवा चकचकीत दिसते का?
- हाताला जास्त गरम किंवा जास्त थंड लागते का?
- दगडासारखी कडक किंवा पिकलेल्या फळासारखी मऊ लागते का?
- रुग्ण तिथे दुखतं, जळजळतं, खाजतं असं सांगतो का?

यातलं एकही लक्षण असेल, तर ती जागा बरी होईपर्यंत त्यावर भार देऊ नये.

बेडसोरचे चार टप्पे

१. पहिला टप्पा: त्वचा अखंड असते, पण न जाणारी लाली किंवा काळपटपणा असतो. दाब पूर्ण काढला तर काही दिवसांत बरं होऊ शकतं.

२. दुसरा टप्पा: वरची त्वचा निघते. खरचटल्यासारखी उथळ, गुलाबी, ओलसर जखम किंवा पाण्याने भरलेला फोड दिसतो. बरं व्हायला काही आठवडे लागू शकतात.

३. तिसरा टप्पा: त्वचा पूर्ण जाऊन खाली चरबी दिसते. जखम खड्ड्यासारखी होते.

४. चौथा टप्पा: जखम स्नायू किंवा हाडापर्यंत पोहोचते. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याला भरायला अनेक महिने लागतात, कधी शस्त्रक्रिया करावी लागते.

जखमेवर काळी किंवा पिवळट साल चढलेली असेल, तर ती काढल्याशिवाय खोली कळत नाही. ती घरी ओढून किंवा कापून काढू नये. विशेषतः टाचेवरची कोरडी, घट्ट काळी साल अनेकदा डॉक्टरही तशीच ठेवतात, कारण ती खालच्या मांसाला झाकण म्हणून उपयोगी पडते.

खोल जखम भरून आली तरी तिथली त्वचा पूर्वीसारखी होत नाही. भरलेल्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या जास्तीत जास्त ८० टक्क्यांपर्यंत येते. म्हणून एकदा बेडसोर झालेली जागा कायम जपावी लागते.

'दर दोन तासांनी' हा नियम कुठून आला?

एकोणिसाव्या शतकात ही जखम अटळ मानली जाई. प्रसिद्ध फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ झां-मार्तँ शार्को यांचं मत होतं की मेंदू किंवा मज्जारज्जूच्या इजेमुळेच त्वचा सडते. अशी जखम दिसली की मृत्यू जवळ आला, असं ते मानत. अशा समजुतीमुळे प्रतिबंधाचा प्रयत्नच खुंटला. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक बेडसोर आणि लघवीच्या संसर्गाने दगावले.

चित्र बदललं ते १९४४ मध्ये. नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान यांच्याकडे स्टोक मँडेविल हॉस्पिटलमधल्या मणक्याच्या रुग्णांचा विभाग सोपवण्यात आला. हे रुग्ण फार दिवस जगणार नाहीत, असंच तेव्हा धरलं जाई. गुटमान यांनी ते मान्य केलं नाही. प्रत्येक रुग्णाची कूस दिवसा आणि रात्रीही दर दोन तासांनी बदलायची, त्वचा तपासायची आणि लघवीची स्वच्छता काटेकोर ठेवायची, अशी शिस्त त्यांनी लावली. जे रुग्ण मरणार म्हणून सोडून दिले होते, ते जगू लागले. जगू लागल्यावर त्यांना खेळायला लावलं गेलं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, या हॉस्पिटलच्या आवारात व्हीलचेअरवरच्या १६ खेळाडूंची तिरंदाजीची स्पर्धा झाली. तिचंच पुढे पॅरालिंपिक झालं. १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी लागलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला भारतासाठी पोहण्यातलं सुवर्णपदक जिंकलं, ते याच स्पर्धेत.

मात्र दोन तास हा काही दगडावरचा आकडा नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धांच्या निवासी केंद्रांत झालेला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चांगल्या प्रतीच्या दाट फोमच्या गादीवर असलेल्या रुग्णांची कूस दर २, ३ किंवा ४ तासांनी बदलून पाहिली, तर जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. घरात साधी गादी असेल, रुग्ण अगदीच हलत नसेल किंवा कुठे लाली असेल, तर दोन तासच पाळावेत. त्वचा ठणठणीत राहत असेल आणि गादी योग्य असेल, तर रात्रीचं अंतर वाढवता येईल का हे डॉक्टर किंवा नर्सला विचारता येतं. दोन तासांनंतर कूस बदलताना लाली दिसत असेल, तर अंतर कमी करायला हवं.

कूस बदलायची योग्य पद्धत

- ओढू नये, उचलावं. खांद्यापासून मांड्यांपर्यंत पोहोचेल अशी घडी केलेली आडवी चादर रुग्णाच्या अंगाखाली कायम ठेवावी. दोन्ही बाजूंनी दोघांनी ती धरून रुग्णाला उचलत वर सरकवावं. काखेत हात घालून ओढल्यास पाठ आणि टाचा घासतात.
- पूर्ण कुशीवर नको, थोडं कलतं. रुग्णाला एकदम ९० अंशांत वळवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. त्याऐवजी पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंशांत कलतं ठेवावं. माकडहाडाखाली हात सरकवून पाहावा. ती जागा गादीपासून मोकळी असेल, तर कल बरोबर आहे.
- दोन गुडघ्यांमध्ये आणि घोट्यांमध्ये उशी ठेवावी. हाडावर हाड टेकू देऊ नये.
- टाचा अधांतरी ठेवाव्यात. पोटऱ्यांखाली लांबीच्या दिशेने उशी ठेवावी, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. गुडघा किंचित वाकलेला असावा.
- पलंगाचं डोकं शक्यतो ३० अंशांपेक्षा उंच ठेवू नये. जेवताना किंवा नाकातल्या नळीने अन्न देताना मात्र डोकं उंच ठेवणं गरजेचंच असतं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. अशा वेळी आधी गुडघ्यांखाली उशी द्यावी, मग डोकं वर करावं. अन्न दिल्यानंतर अर्ध्या ते एका तासाने डोकं पुन्हा खाली करावं.

वेळापत्रक कागदावर लिहून पलंगाशेजारी चिकटवलेलं बरं. उदाहरणार्थ, ६ वाजता डावी कूस, ८ वाजता उताणं, १० वाजता उजवी कूस, १२ वाजता पुन्हा डावी. बदलणाऱ्याने समोर खूण करावी. दिवसाच्या मावशी, रात्री जागणारा मुलगा आणि सकाळी येणारी सून यांच्यात 'मला वाटलं तू केलंस' हा गोंधळ मग होत नाही. ज्या जागेवर लाली आहे, ती बाजू वेळापत्रकातून काही दिवस काढून टाकावी.

व्हीलचेअरवर बसणाऱ्यांनी दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून बैठक मोकळी करावी. दोन-चार सेकंद उचलून उपयोग नाही. रक्त परत पोहोचायला दीड-दोन मिनिटं लागतात. स्वतः झुकता येत नसेल, तर निदान तासाभराने दुसऱ्याने जागा बदलून द्यावी.

त्वचा, कपडे आणि ओलावा

अंग कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने पुसावं. पाण्यात जंतुनाशक द्रव घालायची गरज नसते, त्याने त्वचा कोरडी पडते. नंतर घासून न पुसता मऊ कपड्याने टिपून कोरडं करावं. लघवी-शौच होणाऱ्या भागाला झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. पायांची त्वचा कोरडी असल्यास खोबरेल तेल किंवा मॉइश्चरायझर हलक्या हाताने लावता येतं.

डायपर भरण्याची वाट पाहू नये. प्रत्येक वेळी कूस बदलताना तो तपासावा. गादीवर रबरी शीट किंवा मेणकापड असेल, तर त्यावर सुती चादर हवीच, नाहीतर उन्हाळ्यात पाठ घामाने भिजत राहते. चादरीच्या चुण्या, बिस्किटाचा चुरा, कपड्यांची जाड शिवण, मागच्या खिशाचं बटण, अंगाखाली आलेली लघवीची नळी अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनीही जखम होते.

ताटात काय हवं?

आजारी माणसाला हलकं द्यावं म्हणून पेज, चहा-बिस्कीट आणि डाळीचं वरचं पाणी दिलं जातं. यात प्रथिनं फारच कमी असतात. त्वचा टिकण्यासाठी आणि जखम भरण्यासाठी मात्र प्रथिनंच लागतात. बेडसोरचा धोका असलेल्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, अशी शिफारस आहे. म्हणजे ५० किलोच्या माणसाला साधारण ६२ ते ७५ ग्रॅम.

एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम आणि एक पेला दुधातून ६-७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. त्यामुळे घट्ट वरण, मुगाची खिचडी, दही, पनीर, अंडी, मासे, चिकन, सोयाबीन, दाण्याचं कूट असं काहीतरी प्रत्येक खाण्यात हवं. एका वेळी जात नसेल, तर थोडं थोडं पाच-सहा वेळा द्यावं. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रथिनं आणि पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं तितकंच महत्त्वाचं.

एअर बेड घेतला की काम झालं का?

नाही. हवेचे कप्पे आळीपाळीने भरणारा आणि रिकामा होणारा एअर बेड, ज्याला बरेच जण अल्फा बेड म्हणतात, दाब कमी करायला मदत करतो. पण त्यावरही कूस बदलावी लागते आणि टाचा उचलून ठेवाव्या लागतात. त्यावर जाड गोधड्या आणि तीन-चार चादरी घातल्या, तर त्याचा फायदा निघून जातो.

तो नीट चालतो का, हे तपासण्याची सोपी रीत आहे. रुग्ण झोपलेला असताना माकडहाडाच्या खाली, एअर बेड आणि पलंगाच्या मध्ये तळहात वर करून हात घालावा. हाडाचा भार हाताला थेट जाणवत असेल, तर हवा कमी आहे. हात आणि शरीर यांच्यात निदान इंचभर हवा हवी. वीज गेली की पंप बंद पडतो हेही लक्षात ठेवावं. वीज वारंवार जात असेल, तर खाली साधी फोमची गादी ठेवावी.

हे करू नये

- लाल झालेली जागा चोळू नये. आतल्या आधीच दुखावलेल्या रक्तवाहिन्या त्याने फाटतात. मालीश करायचीच असेल तर निरोगी भागाला करावी.
- रबरी रिंग किंवा मध्ये भोक असलेली उशी वापरू नये. मधली जागा मोकळी राहते, पण कडेने दाब वाढून रक्तपुरवठा अडतो.
- पाणी भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवू नयेत. ही पद्धत खूप रूढ आहे, पण टाचेवरचा दाब त्याने पुरेसा कमी होत नाही.
- पावडरचे थर देऊ नयेत. ओलाव्यात तिचे गोळे होतात आणि तेच त्वचेला घासतात.
- उघड्या जखमेत हळद, राख, टूथपेस्ट, साखर किंवा स्पिरिट घालू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला 'रामबाण उपाय' हाडापर्यंत गेलेल्या जखमेसाठी लिहिलेला नसतो.

जखम झालीच तर?

पहिली गोष्ट म्हणजे त्या जागेवरचा भार पूर्ण काढायचा. भार तसाच ठेवून कितीही महाग मलम लावलं तरी जखम भरत नाही. त्वचा फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवावं. जखम सहसा सलाईनच्या पाण्याने धुतात आणि ओलावा योग्य ठेवणारं ड्रेसिंग करतात. जखम कोरडी पडावी म्हणून उघडी ठेवणं किंवा पंख्याखाली वाळवणं चुकीचं आहे. मेलेलं मांस काढणं, जखमेतला स्राव यंत्राने ओढून घेणं आणि शेजारची त्वचा-मांस फिरवून जखम झाकणं हे पुढचे उपचार हॉस्पिटलमध्ये होतात.

आठवड्यातून एकदा, त्याच कोनातून, शेजारी मोजपट्टी ठेवून जखमेचा फोटो काढल्यास सुधारणा होते आहे की नाही ते डॉक्टरांना कळतं. फोटो काढण्यापूर्वी रुग्णाला विचारावं आणि तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये.

पुढीलपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं:

- ताप, थंडी वाजणं, अचानक असंबद्ध बोलणं किंवा गुंगी
- जखमेतून पू किंवा घाण वास
- जखमेभोवती पसरत जाणारी लाली, सूज किंवा गरमपणा
- त्वचा काळी पडणं किंवा जखमेत हाड दिसणं

जंतुसंसर्ग हाडात किंवा रक्तात पसरला, तर तो जीवघेणा ठरू शकतो. 'सुपरमॅन'ची भूमिका करणारे अभिनेते क्रिस्टोफर रीव्ह यांचा २००४ मध्ये मृत्यू झाला, त्यावेळी त्यांच्यावर दाबामुळे झालेल्या जखमेच्या संसर्गाचे उपचार चालू होते. उत्तम सेवा उपलब्ध असतानाही असं घडू शकतं.

दोष कोणाचा?

बेडसोर झाला की घरात कुजबुज सुरू होते. सुनेने लक्ष दिलं नाही, मावशींनी हयगय केली, असं बोललं जातं. बहुतेक बेडसोर टाळता येतात हे खरं आहे. पण सगळेच नाही. आयुष्याच्या अगदी अखेरच्या दिवसांत त्वचेचा रक्तपुरवठाच कमी होतो आणि सगळी काळजी घेऊनही जखम होते. अशा वेळी प्रत्येक हालचालीने रुग्णाला वेदना होत असतील, तर दोन तासांच्या नियमापेक्षा त्याचा आराम महत्त्वाचा ठरतो. याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं.

शिवाय दिवस-रात्र दर दोन तासांनी एका माणसाला उचलणं हे एकट्याच्या आवाक्यातलं काम नाही. आठवडाभर रात्री चार-चार वेळा उठणारी व्यक्ती आठव्या रात्री गजर बंद करून झोपणारच. त्यात तिचा दोष नसतो, चूक कामाच्या वाटणीत असते. म्हणून रात्रीच्या पाळ्या घरात वाटून घ्याव्यात. दूर राहणाऱ्या भावंडांनी पैशाचा किंवा सुट्टीचा वाटा उचलावा. डिस्चार्जच्या दिवशी नर्सकडून कूस बदलण्याची पद्धत घरातल्या निदान दोघांनी प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभर बेडसोर प्रतिबंधाचा दिवस पाळला जातो. पण ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्या घरासाठी हा दिवस रोजचाच असतो. तिथे आज करण्यासारखं काम एकच आहे. पांघरूण बाजूला करून माकडहाड आणि दोन्ही टाचा उजेडात पाहायच्या, आणि मग कूस बदलायची.